छोटे विमान, लांबची वाट

चेन्नईला जाऊन आलेल्या मराठी माणसाला विचारा, काय काय पाहिलेत? मरीनाचा किनारा, मैलापूरचे कपालीश्वराचे देऊळ, महाबलीपुरमची लेणी आणि टी. नगरातून घेतलेली कांजीवरम साडी, हे उत्तर ठरलेले असते. विमानतळाच्या शेजारची एक टेकडी मात्र या यादीत सहसा सापडत नाही. विमानातून उतरलेला प्रवासी टॅक्सीत बसून तिच्या बाजूने निघून जातो.

तमिळ लोक या टेकडीला 'परंगीमलै' म्हणतात. परंगी म्हणजे आपल्याकडचा फिरंगी आणि मलै म्हणजे डोंगर. इंग्रजांनी तिला 'सेंट थॉमस माउंट' असे नाव दिले. येशूचा शिष्य थॉमस याला इथे हौतात्म्य आले, अशी ख्रिस्ती बांधवांची श्रद्धा आहे. माथ्यावर पोर्तुगीजांनी 1523 मध्ये बांधलेले चर्च आहे. उंची जेमतेम तीनशे फूट. पर्वती चढणाऱ्या पुणेकराला इथे दम लागायचे कारण नाही. वर पोहोचल्यावर मात्र सगळा माळ पायाशी पसरलेला दिसतो. मीनंबक्कमच्या धावपट्ट्या, अडयार नदी, पल्लावरमच्या खडकाळ टेकड्या आणि त्यांच्यामधून तांबरमकडे धावणारी लोकल गाडी.

आज या माळावर शे-दोनशे प्रवाशांची जेट विमाने उतरतात. पण ही जागा घडवली ती लहान विमानांनी. एक इंजिन, दोन किंवा चार आसने, चालवणारा स्वतः आणि मांडीवर उघडलेला नकाशा, अशा विमानातून एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याला वैमानिक 'क्रॉस-कंट्री' म्हणतात. भारतातल्या या प्रवासाच्या कितीतरी वाटा या एका माळाशी येऊन मिळतात. त्यातली एक तर थेट आपल्या जुहूहून निघालेली आहे.

नकाशाची पहिली रेघ

विमानाच्या आधी नकाशा हवा. योगायोग असा, की भारताच्या शास्त्रशुद्ध नकाशाची मोजणीही याच माळावर सुरू झाली.

एप्रिल 1802 मध्ये विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने परंगीमलैच्या पायथ्याशी पोलादी साखळी अंथरली. शंभर फुटांची साखळी पुन्हा पुन्हा मांडत त्याने सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेघ मोजली. उन्हाने पोलाद प्रसरण पावते आणि माप चुकते, म्हणून साखळीवर सावली धरली जाई आणि शेजारी उष्णतामापक ठेवला जाई. ही एक रेघ मोजायला 57 दिवस लागले. पुढची सगळी मोजणी या रेघेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचत गेली. लॅम्बटनच्या मागे जॉर्ज एव्हरेस्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली.

लॅम्बटन स्वतः तिथवर पोहोचला नाही. नागपूरच्या वाटेवर असताना 20 जानेवारी 1823 रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचे निधन झाले. त्याची कबर तिथेच आहे. मद्रासच्या माळावरून निघालेला नकाशा विदर्भात येऊन आपल्या कर्त्याला निरोप देऊन पुढे गेला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

लॅम्बटनला हा माळ आवडला तो सपाट होता म्हणून. शंभर वर्षांनी विमानवाल्यांनाही तो त्याच कारणासाठी आवडला.

हॉटेलवाल्याचे विमान

मद्रासच्या माउंट रोडवर जाकोमो डी'अँजेलिस या मूळच्या कॉर्सिकन गृहस्थाचे हॉटेल होते. जुलै 1909 मध्ये लुई ब्लेरिओ या फ्रेंच वैमानिकाने इंग्लिश खाडी विमानाने ओलांडली. त्या बातमीने साऱ्या जगाला वेड लावले, तसे ते या हॉटेलवाल्यालाही लागले. फरक इतकाच, की त्याने मनावर घेऊन स्वतःच विमानाचा आराखडा काढला आणि मद्रासच्याच सिम्पसन कंपनीकडून, म्हणजे घोडागाड्या आणि मोटारींचे सांगाडे बांधणाऱ्या कारागिरांकडून, ते तयार करून घेतले. मार्च 1910 मध्ये पल्लावरमजवळ त्याने ते हवेत उचलले.

पुढच्या वर्षी 18 फेब्रुवारीला आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनीला टपाल नेले. जगातले पहिले अधिकृत विमान-टपाल म्हणून ते उड्डाण इतिहासात गेले आणि डी'अँजेलिसचे नाव मागे पडले. पण भारतातल्या अगदी पहिल्या उड्डाणांत मद्रासच्या या हौशी माणसाचे उड्डाण मोडते. सरकार नाही, फौज नाही. एक हॉटेलमालक आणि गाड्या बांधणारे सुतार-लोहार, एवढ्यांचेच ते काम होते.

हौशी माणसांची ही परंपरा पुढे फ्लाइंग क्लबांनी चालवली. 1928 मध्ये मुंबईत जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला आणि पाठोपाठ 1930 च्या सुमारास मद्रासलाही क्लब उभा राहिला. मुंबईच्या क्लबात शिकलेल्या एका तरुणाला 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्याचे नाव जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. आपण त्यांना जे.आर.डी. म्हणतो.

जुहू ते मद्रास, व्हाया बेळ्ळारी

15 ऑक्टोबर 1932. लंडनहून आलेले टपाल कराचीत थांबत असे. ते पुढे मुंबई आणि मद्रासला विमानाने न्यायचे टाटांनी ठरवले होते. सकाळी जे.आर.डी. कराचीहून 'पस मॉथ' हे एका इंजिनाचे विमान घेऊन निघाले. अहमदाबादला पेट्रोल भरून घेतले. ते डबे बैलगाडीतून आणले होते! दुपारी विमान जुहूच्या चिखलवट मैदानावर उतरले. तिथून मद्रासपर्यंतचा टप्पा त्यांचे भागीदार नेव्हिल व्हिन्सेंट यांचा होता. वाटेत एकच मुख्य थांबा, बेळ्ळारी.

हे अंतर नकाशावर मोजून पाहा. जुहू ते बेळ्ळारी सरळ रेषेत सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास भरते आणि बेळ्ळारी ते मद्रास सव्वाचारशेच्या आसपास. ताशी 160-170 किलोमीटर वेगाच्या विमानाला हे सहा-साडेसहा तासांचे काम. विमानात रेडिओ नव्हता. जमिनीवरून मार्ग दाखवणारे यंत्र नव्हते. होकायंत्र, घड्याळ, नकाशा आणि खिडकीतून दिसणारी जमीन, एवढाच आधार.

ही वाट आपल्या ओळखीच्या मुलखावरून जाते. जुहू सोडल्यावर कोकणपट्टीची खाचरे, मग एकदम उभी राहणारी सह्याद्रीची भिंत. भोरच्या आसपास घाट ओलांडला, की हिरवा रंग झपाट्याने उतरतो आणि माण-खटावकडचा करडा, कोरडा माळ सुरू होतो. पुढे बागलकोटच्या बाजूला कृष्णा भेटते. मग तुंगभद्रा, आणि तिच्या काठी हंपीच्या गोल गोल शिळांचे ढीग. बेळ्ळारीनंतर कडप्पाकडच्या डोंगररांगा, तिरुपतीचे डोंगर, आणि ते मागे पडले की समुद्रापर्यंत सपाट प्रदेश. त्या सपाटीच्या टोकाशी एक छोटीशी टेकडी दिसली, की वैमानिकाने ओळखायचे, मद्रास आले.

आणखी एक गंमत ऋतूंची. ऑक्टोबरच्या मध्यात मुंबईचा पाऊस आवरता घेतो आणि नेमका त्याच सुमारास मद्रासचा सुरू व्हायची वेळ होते, कारण तिकडचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. म्हणजे या वाटेवरच्या वैमानिकाला वर्षातून दोन पावसाळे सांभाळावे लागत. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा टाटांचा सगळा कारभार पुण्याला हलवला जाई. तरीही पहिल्या वर्षात या सेवेने 155 प्रवासी आणि जवळपास दहा टन टपाल नेले आणि 60 हजार रुपये नफाही मिळवला. पुढे एअर इंडिया झाली ती याच बीजातून. व्हिन्सेंट मात्र ते पाहायला राहिले नाहीत. 1942 मध्ये, महायुद्धाच्या काळात, ते ज्या विमानातून प्रवास करत होते ते परतलेच नाही.

साठास एक

आता प्रश्न येतो, वैमानिक वाट ओळखतो कशी? आकाशात ना मैलाचे दगड, ना चौकातला पानवाला.

समजा, चेन्नईहून तिरुचिरापल्लीला जायचे आहे. अंतर सुमारे 290 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 180 किलोमीटर धरू. शांत हवेत हा प्रवास एक तास सदतीस मिनिटांचा. पण समोरून ताशी 30 किलोमीटरचा वारा असला, तर जमिनीवरचा खरा वेग 150 च उरतो आणि तोच प्रवास वीस मिनिटांनी लांबतो. चार आसनी सेसना 172 तासाला तीस-पस्तीस लिटर पेट्रोल पिते. म्हणजे वाऱ्याचा हिशेब चुकला, तर पेट्रोलचाही चुकला. म्हणून ठिकाणी पोहोचण्यापुरते पेट्रोल पुरेसे मानत नाहीत. त्यावर निदान अर्ध्या तासाची शिल्लक लागतेच.

वारा बाजूने असला तर दुसराच घोळ. तो विमानाला नकळत ढकलत राहतो. वैमानिकांचा एक सोपा कोष्टकवजा नियम आहे, 'साठास एक'. दिशा एका अंशाने चुकली, तर साठ किलोमीटरनंतर विमान एक किलोमीटर बाजूला गेलेले असते. पाच अंश चुकले आणि 120 किलोमीटर तसेच गेले, तर दहा किलोमीटर! तेवढ्यात एखादे गाव सहज हुकते. यावर उपाय एकच. निघण्यापूर्वी नकाशावर दर दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर एक खूण ठरवून ठेवायची आणि ती घड्याळाच्या ठोक्याला खाली दिसते का, ते पाहायचे. दिसली नाही, तर वाऱ्याने किती ढकलले याचे गणित तिथल्या तिथे मांडून दिशा सुधारायची.

खुणा निवडण्यातही शहाणपण लागते. तमिळनाडूच्या उत्तर भागात पावसाचे पाणी अडवणारे मातीच्या बांधांचे जुने तलाव आहेत. त्यांना तिकडे 'एरी' म्हणतात. पाऊस संपल्यावर वरून पाहिले तर सारा प्रदेश आरशाचे तुकडे विखुरल्यासारखा चमकतो. नवख्याला वाटते, याहून चांगल्या खुणा कोणत्या? पण हे तलाव शेकड्यांनी आहेत आणि दुरून एकसारखे दिसतात. शिवाय मे महिन्यात त्यातले कितीतरी कोरडे पडतात आणि नकाशावर निळे दिसणारे पाणी खाली तपकिरी जमीन होऊन बसते. म्हणून रेल्वेचे रूळ, नदीवरचे पूल आणि डोंगरांचे आकार यांवर वैमानिकाची जास्त भिस्त असते.

गोपुरांच्या खुणा

एखाद्या स्वच्छ सकाळी चेन्नईहून दक्षिणेकडे निघालेल्या छोट्या विमानात बसल्याची कल्पना करू या. उंची साडेचार हजार फूट, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही खालीच. इतक्या उंचीवरून मोटार ओळखू येते, शेतातली झाडांची रांग ओळखू येते, देवळाच्या तळ्याच्या चारही बाजू मोजता येतात. जेट विमानाच्या खिडकीतून दिसतो तो ढगांचा कापूस. इथे खाली गावे असतात.

रूळ डावीकडे-उजवीकडे होत सोबत करतात. चेंगलपट्टूला रुळांना खेटून असलेले तळे दिसते. मग पालार नदीचे रुंद वाळवंट, आणि लगेच मदुरांतकमचा विस्तीर्ण तलाव. या तलावाच्या काठच्या रामाला 'एरी कात्त रामर', म्हणजे तलाव राखणारा राम, म्हणतात. अतिवृष्टीत बांध फुटू लागला तेव्हा इंग्रज कलेक्टरला बांधावर दोन धनुर्धर पहारा देताना दिसले आणि बांध वाचला, अशी आख्यायिका आहे.

त्यापुढे थोडे उजवीकडे, क्षितिजाशी, दगडांच्या तीन टेकड्या उभ्या असतात. हवा स्वच्छ असेल तर त्या दुरूनही ओळखू येतात. मराठी माणसाने इथे क्षणभर मान वळवावी, कारण ती जिंजी आहे. 1677 मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेला आणि पुढे राजाराम महाराजांनी मोगलांच्या वेढ्यात वर्षानुवर्षे लढवलेला किल्ला. जुलै 2025 मध्ये 'युनेस्को'ने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यात महाराष्ट्राबाहेरचा किल्ला हा एकच. तीन टेकड्यांना एका तटाने बांधून काढण्याची कल्पना वरून एका नजरेत समजते. पायी फिरताना तेच समजायला दिवस जातो.

विलुपुरमनंतर जमीन आणखी सपाट होते. मग कोळ्ळीडम आणि कावेरी या दोन पात्रांच्या मधले श्रीरंगमचे बेट आणि त्यावर सत्तर मीटरहून उंच असे राजगोपुर. हे गोपुर शतकानुशतके अपुरे होते, ते 1987 मध्ये पूर्ण झाले. तिरुचिरापल्लीला उतरणाऱ्याला याहून ठळक खूण नको.

गोपुराला खूण मानणारे वैमानिक पहिले नव्हेत. कावेरीच्या खोऱ्यात डोंगर नाहीत, मग त्रिकोण मांडायचे कशावर? लॅम्बटनने देवळांची शिखरेच वापरली. 1808 मध्ये तंजावरच्या बृहदीश्वराच्या शिखरावर त्याचा अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट दोरांनी चढवला जात होता. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याची तबकडी वाकली. तंजावरच्या गादीवर तेव्हा सरफोजीराजे भोसले होते. दुसरे यंत्र इंग्लंडहून यायला महिने लागले असते. लॅम्बटनने हे मोडके यंत्र खोलले, कारागिरांना हाताशी धरून तबकडी ओढून-ठोकून पूर्ववत केली आणि मोजणी पुढे चालू ठेवली. आज वैमानिकाच्या मांडीवर जो नकाशा असतो, त्याच्या मुळाशी अशी मेहनत आहे. तिरुचिरापल्लीहून तंजावर रस्त्याने तास-दीड तासाचे. वाटेत तेवढी वाकडी वाट करायला हरकत नाही.

परत फिरण्याची हिंमत

हे सारे वाचून हा छंद रम्य वाटेल. तो रम्य आहेच, पण त्याची एक अट आहे आणि ती जिवाशी बांधलेली आहे.

असा प्रवास डोळ्यांनी जमीन पाहत करायचा असतो. भारतातला नियम सांगतो, की सूर्यास्तानंतर वीस मिनिटे ते सूर्योदयापूर्वी वीस मिनिटे या काळात असे उड्डाण करायचे नाही. दृश्यमानता किती हवी, ढगांपासून किती दूर राहायचे, हेही ठरलेले आहे. असे कशासाठी? ढगात शिरल्यावर क्षितिज दिसत नाही आणि कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय खोटे सांगू लागते. विमान वळत असते आणि वैमानिकाला वाटते, आपण सरळ चाललो आहोत. 1954 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, नुसत्या यंत्रांवर विमान चालवण्याचे शिक्षण न घेतलेल्या वीस जणांवर प्रयोग झाला. क्षितिज दिसेनासे केल्यावर एकूण एक जणांचा विमानावरचा ताबा सुटला. त्याला लागलेला सरासरी वेळ होता 178 सेकंद. तीन मिनिटेसुद्धा नाहीत!

अशा वेळी कौशल्य एकच, ढग समोर दिसताक्षणी मागे वळणे. ऐकायला सोपे, करायला फार कठीण. ठिकाण वीस मिनिटांवर आलेले असते, तिथे कुणीतरी वाट पाहत असते, सोबतच्या मित्राला संध्याकाळी घरी पोहोचायचे असते. शिकवणारे प्रशिक्षक इंजिन बिघडण्याइतकाच या पोहोचण्याच्या घाईचा धाक घालतात. चेन्नईच्या बाजूला तर सकाळ शांत असली तरी दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी आतल्या भागात गडगडाटी ढग चढतात. म्हणून शहाणा वैमानिक पहाटे निघतो, आणि दुपार टळली की दुसऱ्या गावी मुक्काम करतो. मोटारीने जाणाऱ्या नवऱ्याला बायको 'किती वाजता पोहोचाल?' असे विचारते. छोटे विमान घेऊन निघालेल्या माणसाला घरच्यांनी हा प्रश्न विचारू नये. 'उद्या आलात तरी चालेल' एवढे म्हणावे. त्या एका वाक्याने एखादा जीव वाचू शकतो.

हिंमत आणि सावधपणा एका घरात कसे नांदतात, याचे उदाहरण चेन्नईच्याच सुंदरम दांपत्याचे. उषा सुंदरम यांनी 1949 मध्ये बंगळूरच्या सरकारी शाळेतून वैमानिकाचे शिक्षण पूर्ण केले. त्यांचे पती कॅप्टन व्ही. सुंदरमही वैमानिक. 1950 च्या दशकाच्या आरंभी मद्रास सरकारसाठी घेतलेले 'डव्ह' हे दोन इंजिनांचे छोटे विमान या दोघांनी इंग्लंडहून मुंबईला 27 तासांत आणले आणि विक्रम केला. याच कुटुंबाने 1959 मध्ये मद्रासला 'ब्लू क्रॉस' ही मुक्या प्राण्यांसाठी काम करणारी संस्था उभारली. चेन्नईत आज त्यांचे नाव विमानांपेक्षा या कामासाठी जास्त घेतले जाते.

आजची वाट

भारतात खासगी वैमानिकाचा परवाना सतराव्या वर्षापासून मिळू शकतो. किमान चाळीस तासांचे उड्डाण लागते आणि त्यात एकट्याने केलेला एक मोठा प्रवास असावा लागतो. 150 नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे 278 किलोमीटर, आणि वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरणे. चेन्नई-तिरुचिरापल्ली अंतराएवढाच हा पल्ला. प्रत्येक उड्डाणाआधी मार्ग कळवून हवाई संरक्षण विभागाच्या परवानगीचा क्रमांक घ्यावा लागतो. कल्पाक्कमचे अणुकेंद्र, श्रीहरिकोटाचा अवकाशतळ, तांबरम आणि अरक्कोणमचे लष्करी तळ यांना वळसे घालावे लागतात. शिवाय पिस्टन इंजिनाला लागणारे खास पेट्रोल, एव्हगॅस, मोजक्याच ठिकाणी मिळते. अनेक वर्षे ते परदेशातून पिंपांत भरून येत असे. सप्टेंबर 2022 मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्यात तयार केलेले एव्हगॅस बाजारात आणले, ही या छंदाच्या दृष्टीने मोठीच घटना होती.

जागेचा प्रश्न मात्र सुटत नाही. मीनंबक्कमच्या गजबजलेल्या धावपट्टीवर मोठ्या विमानांच्या रांगेत शिकाऊ विमानाला घुसायला फट मिळणे कठीण. विमानतळ वाढवताना दुसरी धावपट्टी अडयार नदीवर पूल बांधून पलीकडे नेली गेली. डिसेंबर 2015 च्या पुरात नदीने माळ परत मागितला. सारा विमानतळ पाण्याखाली गेला, काही दिवस बंद राहिला आणि प्रवासी विमाने अरक्कोणमच्या नौदल तळावरून उडवावी लागली. 2022 मध्ये नव्या विमानतळासाठी कांचीपुरमजवळच्या परंदूरची निवड झाली, तेव्हा एकनापुरमच्या गावकऱ्यांनी आपली शेते आणि तळी जाणार म्हणून विरोध सुरू केला. छोट्या विमानातून चमकताना दिसणारे ते आरशाचे तुकडे कुणाच्या तरी भातशेतीचे पाणी असते.

तरीही ही वाट बंद झालेली नाही. जे.आर.डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1982 रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कराची-मुंबई प्रवास जुन्या 'लेपर्ड मॉथ' विमानातून पुन्हा केला. 15 ऑक्टोबर 2021 रोजी मुंबईच्या आरोही पंडित या तरुणीने भूजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत त्याच वाटेची आठवण जागवली. त्याआधी 2019 मध्ये तिने असेच हलके विमान एकटीने चालवत अटलांटिक महासागर ओलांडला होता. जुहूच्या पुढचा, व्हिन्सेंट यांचा टप्पा, म्हणजे सह्याद्री, कृष्णा, हंपी आणि तिरुपतीच्या डोंगरांवरून मद्रासला जाणारी वाट, हीसुद्धा कुणी मराठी मुलाने किंवा मुलीने हाती नकाशा घेऊन पुन्हा चालावी अशी आहे.

तोवर आपल्यासारख्यांनी परंगीमलै तरी चढावी. विमानतळावरून मेट्रोने सेंट थॉमस माउंट स्टेशन गाठावे. लोकलने येणाऱ्यांसाठीही त्याच नावाचे स्टेशन आहे. पायऱ्यांनी किंवा गाडीरस्त्याने वर जाता येते. सकाळी लवकर जावे, हवा स्वच्छ असते. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर शांतता पाळावी. बाहेरच्या कट्ट्यावर उभे राहून आधी लोकलचे रूळ शोधावेत, मग अडयारचे पात्र, मग पल्लावरमच्या टेकड्या. मुले बरोबर असतील तर त्यांच्या हाती शहराचा एखादा नकाशा द्यावा आणि कोणती खूण कुठे आहे, ते त्यांनाच ओळखू द्यावे.